बटण दाबल्यावर काय होणार? यंत्राचा अंदाज आणि यंत्राचा भरवसा



आजच्या विषयाचं नाव इंग्रजी आहे: इंटरफेस. शब्द परका असला, तरी वस्तू आपल्या घरातलीच आहे. माणूस आणि यंत्र एकमेकांना जिथे भेटतात, त्या जागेला इंटरफेस म्हणायचं. मोबाइलचा पडदा, एटीएमची बटणं, भिंतीवरचा स्विचबोर्ड, रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र, हे सगळे इंटरफेसच. यंत्राच्या पोटात काय चाललं आहे, ते तुम्हा-आम्हाला दिसत नाही. ही दर्शनी बाजू जे सांगेल, त्यावर आपण चालतो.

आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांचा इथे काय संबंध? संबंध आहे. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल, दिसणाऱ्या खुणेवरून, खात्रीनं काही म्हणता येतं का, हा ज्ञानशास्त्राचा फार जुना प्रश्न आहे. तोच प्रश्न आता आपल्या खिशात येऊन बसला आहे आणि त्याच्या उत्तरावर आपले पैसे, आपलं धान्य, आपलं मत अवलंबून आहे. म्हणून आपण त्याचे दोन भाग करू. एक, यंत्राच्या वागण्याचा अंदाज येणं. दुसरा, यंत्रावर भरवसा ठेवता येणं. हे दोन भाग एकच समजले जातात, आणि फसवणूक बहुतेक वेळा तिथूनच आत शिरते.

एक टोला, दोन टोले

एसटीच्या कंडक्टरच्या डोक्यावरून पुढे ड्रायव्हरपर्यंत जाणारी घंटीची दोरी आपल्या सगळ्यांच्या परिचयाची. एक टोला म्हणजे थांबा. दोन टोले म्हणजे चला. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली; त्यानंतर या महाराष्ट्रात ‘डबल बेल’ हा शब्द ज्याला कळत नाही असा प्रवासी सापडणं कठीण. हे कोणी कुणाला शिकवलं नाही. चार वेळा गाडीत बसलं की कळतं.

का कळतं? कारण खुणा दोनच आहेत, आणि प्रत्येक खुणेचा अर्थ पक्का आहे. शिरपूर आगाराच्या गाडीत जो अर्थ, तोच सावंतवाडीच्या गाडीत. कंडक्टर बदलला म्हणून अर्थ बदलत नाही.

या दोरीत आणखी एक शहाणपण दडलेलं आहे. रस्ता खडबडीत आहे, गाडीत गलका आहे, आणि दोनपैकी एक टोला ड्रायव्हरला ऐकूच आला नाही, असं समजा. काय होईल? त्याला एकच टोला ऐकू येईल आणि तो थांबून राहील. दोन मिनिटं वाया जातील, कंडक्टर ओरडेल, पुन्हा बेल मारेल. बस्स. आता उलट व्यवस्था कल्पा: एक टोला म्हणजे चला, दोन म्हणजे थांबा. एखादी म्हातारी पायरीवर आहे, कंडक्टरनं दोन टोले दिले, ड्रायव्हरनं एकच ऐकला आणि गाडी हलवली. चूक तेवढीच, एक टोला हरवला एवढीच. पण परिणाम जिवावरचा.

रेल्वेच्या ब्रेकमध्येही हाच विचार आहे. नरडाण्याला गाडी धरणाऱ्यांनी डब्यांच्या मधून जाणाऱ्या नळ्या पाहिल्या असतील. त्या नळीतला दाब टिकून असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. नळी फुटली, डबे तुटून वेगळे झाले, तर ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे मांडणी करणाऱ्यानं आधीच धरून चाललं आहे की बिघाड होणार. आणि बिघाड झाल्यावर गाडीनं कुठल्या बाजूला पडायचं, हे त्यानं ठरवून ठेवलं आहे. मोबाइलच्या पडद्याची आखणी करणाऱ्याला आम्ही पहिला प्रश्न हाच विचारू: माणूस चुकला, नेटवर्क गेलं, बॅटरी संपली, तर तुमची गाडी कुठल्या बाजूला पडते?

बोटांनी केलेलं अनुमान

आता थोडं न्यायदर्शनाकडे जाऊ. इथून उत्तरेला सातपुडा दिसतो. डोंगरावर धूर दिसला तर आपण म्हणतो, तिथे आग आहे. आग दिसलेली नाही, धूर दिसला आहे. तरी आपण ठामपणे म्हणतो, कारण जिथे धूर तिथे अग्नी हा नियम आपल्या मनात पक्का आहे. या नियमाला नैयायिक व्याप्ती म्हणतात. व्याप्ती कशी पक्की होते? दोन गोष्टी एकत्र असलेल्या वारंवार दिसल्या पाहिजेत, आणि एक आहे पण दुसरी नाही, असं एकदाही दिसता कामा नये. असं दिसलं तर त्याला ते व्यभिचार म्हणतात. हसू नका, शास्त्रात या शब्दाचा अर्थ एवढाच की नियम सोडून वागणं. अर्थात, व्यवहारातल्या अर्थापासून तो फार लांब नाही.

आपण यंत्र वापरतो, तेव्हा आपली बोटं अशा व्याप्ती गोळा करत असतात. हा बाण दाबला की मागच्या पानावर जातं. हिरवी खूण आली की काम झालं. लिफ्टचं बटण दाबलं आणि त्यात दिवा लागला की निरोप पोचला. शंभर वेळा असं झालं की आपण वाचणं बंद करतो. बोट आधी जातं, डोळा मागून. हा आळस नव्हे. प्रत्येक वेळी प्रत्येक अक्षर वाचत बसलो, तर दिवसाचं काम होणार नाही.

आणि नेमकं इथे काही पडदे व्यभिचार करतात. एक नमुना तुम्ही पाहिला असेल. आपण काही रद्द करायला गेलो की पाटी येते: ‘व्यवहार रद्द करायचा आहे का?’ खाली दोन बटणं: ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. आता ‘रद्द करा’ म्हणजे व्यवहार रद्द करा, की रद्द करण्याचा विचार रद्द करा? भल्याभल्यांचं बोट तिथे थबकतं. त्याऐवजी ‘हो, व्यवहार थांबवा’ आणि ‘नाही, चालू ठेवा’ असं लिहिलं असतं, तर काय बिघडलं असतं? बटणावर त्या बटणाचं काम लिहावं, एवढी साधी गोष्ट आहे.

दुसरा नमुना याच सभागृहाच्या भिंतीवर सापडेल. एका ओळीत आठ खटके. मागचा पंखा लावायचा तर कुठला दाबायचा? कुणीच सांगू शकणार नाही. आपण एकेक दाबून पाहतो, समोरचे दिवे जातात, लोक माना वळवतात. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर एक पुस्तक लिहिलं, ते या विषयातलं गाजलेलं पुस्तक आहे. त्यात चार बर्नरच्या शेगडीचं उदाहरण आहे. बर्नर चौकोनात मांडलेले आणि नॉब एका ओळीत. मग कुठला नॉब कुठल्या बर्नरचा? नॉबही चौकोनात मांडले, तर पाटीची गरजच उरत नाही. नॉर्मन यांचं आणखी एक निरीक्षण आम्हाला फार मोलाचं वाटतं. रचना वाईट असली तरी माणूस दोष स्वतःला देतो. ‘मला यातलं काही कळत नाही बुवा,’ असं म्हणतो. आपल्याकडे साठी उलटलेल्या माणसांच्या तोंडी हे वाक्य किती वेळा येतं, ते आठवून पाहा.

अंदाज हा सवयीतून येतो, म्हणून तो स्थानिक असतो, हेही ध्यानात ठेवू. आपल्याकडे खटका खाली दाबला की दिवा लागतो. अमेरिकेत तो वर केला की लागतो. मुलाकडे तिकडे गेलेले आजी-आजोबा पहिले आठ दिवस अंधारात चाचपडतात ते काही त्यांना वीज कळत नाही म्हणून नव्हे. त्यांची व्याप्ती दुसऱ्या मुलखातली असते. तसंच भाषेचं. आमच्या या तालुक्यात कुणी अहिराणी बोलतं, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी बोलतात. त्यांच्यासमोर पडदा ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ असं म्हणतो. हे मराठी खरं, पण कुणाच्या घरातलं? ‘अंगठा जुळला नाही’ असं म्हटलं असतं, तर निदान काय झालं ते कळलं असतं.

अंदाज बरोबर, तरी गळा कापला

इथवर अंदाजाचं झालं. आता दुसरा भाग. ज्याचा अंदाज येतो, तो भरवशाचा असतोच का?

बर्ट्रंड रसेल यांनी १९१२ साली तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांवर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात एक कोंबडी आहे. मालक तिला रोज दाणे टाकतो. मालक आला की दाणे येणार, हा तिचा अंदाज रोज खरा ठरतो. आणि एक दिवस तोच मालक येऊन तिची मान मुरगळतो. कोंबडीचं निरीक्षण चोख होतं. मालकाच्या मनात काय आहे, ते मात्र तिला कधी कळलं नाही.

मोबाइलवरची एक फसवणूक याच जातीची आहे. यूपीआयची सोय २०१६ साली सुरू झाली. पैसे पाठवताना पिन टाकायचा, हे आपल्या बोटांना पाठ झालं. त्याच सोयीत दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवण्याचीही व्यवस्था होती. भामटा फोन करायचा: ‘तुमची जुनी वस्तू मी विकत घेतो. पैसे पाठवलेत, स्वीकारण्यासाठी पिन टाका.’ पडद्यावर ओळखीचा चौकोन, ओळखीचे आकडे. माणूस पिन टाकायचा आणि पैसे यायच्या ऐवजी जायचे.

इथे यंत्र नियमाला सोडून वागलं का? अजिबात नाही. पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात, ही व्याप्ती शंभर टक्के पक्की आहे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पण पडद्यानं ती गोष्ट माणसाच्या डोळ्यांसमोर ठसठशीत धरलीच नाही. ‘पिन टाका’ एवढंच म्हटलं. ‘तुमच्या खात्यातून ५००० रुपये जातील’ हे वाक्य पिनच्या चौकोनाहून मोठं असायला हवं होतं. शेवटी ऑक्टोबर २०२५पासून दोन व्यक्तींमधली ही पैसे मागण्याची सोयच बंद करण्यात आली. म्हणजे चोराला पकडण्याच्या बरोबरीनं, चोराच्या कामी येणारी रचना काढून टाकावी लागली.

ऑनोरा ओनील या तत्त्वज्ञ बाईंनी २००२ साली बीबीसीच्या रीथ व्याख्यानांत एक भेद मांडला होता. लोकांचा विश्वास वाढवा, वाढवा, असं सगळे म्हणतात. पण विश्वास वाढवणं हे उद्दिष्टच चुकीचं आहे. अपात्र माणसावर विश्वास वाढला, तर ते नुकसानच. खरं काम आहे ते विश्वासाला पात्र होण्याचं, आणि आपण पात्र आहोत की नाही, हे समोरच्याला तपासता येईल अशी सोय करण्याचं. पडद्याची आखणी शिकवताना ‘वापरणाऱ्याला विश्वास वाटला पाहिजे’ असं सांगतात. आम्ही तिथे अडतो. विश्वास वाटायला लावणं ठगालाही येतं. किंबहुना त्याला ते जास्त चांगलं येतं.

आप्त कोणाला म्हणावं?

मग पात्र कोण? याचं उत्तर न्यायदर्शनात फार नेटकं आहे. दुसऱ्याच्या शब्दावरून होणारं ज्ञान केव्हा प्रमाण मानावं? बोलणारा आप्त असेल तेव्हा. आणि आप्त म्हणजे नातलग नव्हे. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारे वात्स्यायन आप्ताचं लक्षण सांगतात: ज्यानं ती गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे ते असंही म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. माणूस कोणत्या कुळातला, हे पाहायचं नाही. दोन गोष्टी पाहायच्या: त्याला ठाऊक आहे का, आणि तो जसं आहे तसं सांगतो का.

पडदा हा बोलणारा आहे. तो सांगतो, ‘पैसे पोचले.’ त्याला वात्स्यायनांची कसोटी लावू. पैसे समोरच्या खात्यात जमा झाल्याचं यंत्राला खरोखर कळलं आहे का? की निरोप आपल्या बाजूनं सुटला, एवढंच ठाऊक आहे? सुटलं आणि पोचलं यांत फरक आहे. टपालपेटीत पत्र टाकलं म्हणजे पत्र मिळालं असं कुणी म्हणत नाही. म्हणून पैशांच्या व्यवहारात जो ‘पेंडिंग’ नावाचा तिसरा प्रकार दिसतो, त्याचा आपल्याला राग येतो खरा, पण तो प्रामाणिकपणा आहे. यंत्र म्हणतं आहे, मला अजून ठाऊक नाही.

फक्त तेवढ्यावर थांबून चालत नाही. ठाऊक नाही म्हणणाऱ्यानं केव्हा ठाऊक होईल, हेही सांगावं. याबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, एटीएममध्ये खात्यातून पैसे वजा झाले पण हातात आले नाहीत, तर बँकेनं व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते परत जमा करायचे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. एका व्यक्तीनं दुसरीला यूपीआयनं पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत; तिथेही उशिराची भरपाई तीच. आता विचार करा, हा नियम ‘पेंडिंग’ या शब्दाखाली एका ओळीत लिहायला कितीशी जागा लागते? ‘पैसे पोचले नाहीत तर उद्यापर्यंत तुमच्या खात्यात परत येतील. पुन्हा पाठवू नका.’ एवढी ओळ वाचून दवाखान्याच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडेल, आणि तो घाबरून दुसऱ्यांदा पैसे पाठवणार नाही.

आता अंगठ्याच्या यंत्राकडे येऊ. त्याची सुरुवात आपल्याच खानदेशात झाली आहे. आधारचे पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. अंगठा लावला आणि जुळला नाही, तर कारणं किती असू शकतात? शेतमजुरी करून रेषा झिजल्या असतील. काच मळली असेल. नेटवर्क गेलं असेल. शिधापत्रिकेशी आधार जोडलेलाच नसेल. चार वेगळ्या गोष्टी, चार वेगळे उपाय. पहिलीला दुसरं बोट किंवा दुसरा मार्ग, दुसरीला फडकं, तिसरीला थोडी वाट, चौथीला तहसील कचेरी. आणि यंत्र चौघांनाही एकच वाक्य ऐकवत असेल, तर बाई घरी जाऊन काय सांगणार? ‘माझा अंगठा चालत नाही.’ नेटवर्कचा दोष तिच्या हातावर येऊन बसला. वात्स्यायनांच्या कसोटीवर हे यंत्र नापास आहे. ते मुद्दाम खोटं बोलत नाही. ठाऊक असलेलं सांगत नाही.

साक्ष कोणाच्या हातात?

ठाऊक आहे आणि तसंच सांगतो, हे तरी आपल्याला कसं कळणार? यासाठी आपल्याच इतिहासातलं एक पान पाहू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पुढे तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की लोकांचा मुख्य रोख कागदांवर होता. कर्जरोखे, गहाणखतं, चोपड्या मागायच्या आणि जाळायच्या. का? कारण त्या कागदांवर अंगठा शेतकऱ्याचा होता, पण कागद सावकाराच्या घरात होता. लिहिणारा तो, वाचणारा तो, जपणारा तो.

त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या ४ जिल्ह्यांना लागू होता. त्यात बाकी पुष्कळ कलमं आहेत, पण आपल्या विषयाचं कलम हे की दिलेल्या पैशांची लेखी पावती मिळण्याचा आणि आपल्या हिशेबाचं पासबुक मागण्याचा हक्क ऋणको शेतकऱ्याला मिळाला. म्हणजे नोंदीची एक प्रत, ज्याचं नुकसान होऊ शकतं, त्याच्या हातात आली. सावकार एका रात्रीत सज्जन झाला नाही. कायदा तेवढ्यानं यशस्वी झाला असंही आम्ही म्हणत नाही. पण दिशा बरोबर होती.

हीच दिशा आज आपल्याला रोज दिसते, फक्त आपण तिकडे लक्ष देत नाही. पेट्रोल पंपावर पोरगा नळी लावण्याआधी म्हणतो, ‘साहेब, झिरो बघा.’ मीटर शून्यावर आहे, हे सुरू होण्याआधी गिऱ्हाइकानं पाहायचं. मतदान यंत्रातही हाच विचार आहे. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रात शून्य मतं असल्याचं दाखवतात, किमान ५० मतांचं अभिरूप मतदान करून मोजणी जुळवून पाहतात, आणि ती मतं पुसून मग खरं मतदान सुरू होतं. मतदारानं निळं बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि लांब आवाज येतो. हा झाला अंदाजाचा भाग. पण आवाज एवढंच सांगतो की मत नोंदलं. कोणाला नोंदलं, ते आवाज सांगत नाही. म्हणून ऑक्टोबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टप्प्याटप्प्यानं कागदी चिठ्ठीची सोय करायला सांगितलं. चिठ्ठीवर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह ७ सेकंद दिसतं आणि मग ती पेटीत पडते. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय सर्व केंद्रांवर होती. किती चिठ्ठ्या मोजाव्यात यावर वाद झाले, होत राहतील. तो आजचा विषय नाही. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की आवाज हा यंत्राचा दावा होता आणि चिठ्ठी ही तपासण्याची वस्तू आहे.

आणखी एक. बाजारात भाजीवाल्या मावशीजवळ पैसे मिळाल्याचं बोलून दाखवणारा छोटा डबा असतो. तो का आला? गिऱ्हाईक आपला मोबाइल पुढे करून ‘बघा, पाठवले’ म्हणायचं. तो पडदा गिऱ्हाइकाचा. त्यावर जुनं चित्र दाखवता येतं, खोटंही बनवता येतं. मावशीचा डबा तिच्या बाजूचा साक्षीदार आहे, तिच्या भाषेत बोलतो, आणि त्यासाठी हात पुसून मोबाइल काढावा लागत नाही.

याच कसोटीवर गावातल्या बँक प्रतिनिधीकडचं यंत्र पाहा. बाई अंगठा लावते, पडदा प्रतिनिधीकडे वळलेला. तो म्हणतो, ‘लागला नाही, पुन्हा लावा.’ तो प्रामाणिक असेलही, पुष्कळ असतात. पण नसला, तर दोनदा पैसे निघाल्याचं तिला तिथे कळण्याचा मार्ग कोणता? १८७५ साली कागद सावकाराच्या घरात होता, तसाच हा पडदा समोरच्याच्या बाजूला आहे. इलाज अवघड नाही: पडदा दोन्ही बाजूंनी दिसावा, अंगठ्याआधी रक्कम तिच्या भाषेत मोठ्यानं उच्चारली जावी, आणि प्रत्येक प्रयत्नाची, फसलेल्यासुद्धा, पावती निघावी.

बाहेर पडायची वाट

शेवटचा मुद्दा हेतूचा. आप्ताच्या लक्षणात ‘जसं आहे तसं सांगायची इच्छा’ आहे. काही पडद्यांच्या मागे उलट इच्छा असते. खरेदीच्या यादीत न मागितलेली वस्तू हळूच घालायची. ‘फक्त दोनच उरले’ अशी खोटी घाई लावायची. वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला सात दारं. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१०मध्ये या प्रकारांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. आपल्या देशात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात एक सुंदर तत्त्व आहे: संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असावं. ही कसोटी तुम्ही कुठल्याही ॲपला आज रात्री लावून पाहू शकता. आत यायला किती वेळा बोट लावावं लागलं आणि बाहेर पडायला किती वेळा, ते मोजा.

यावर एक रास्त आक्षेप येतो. एवढं सगळं दाखवायचं, विचारायचं, पावती द्यायची म्हटलं, तर काम कधी होणार? दर पावलाला ‘नक्की का?’ विचारणारा पडदा माणूस वाचतच नाही. ‘हो’ दाबून मोकळा होतो. हे खरं आहे. म्हणून थांबवायचं कुठे, हे निवडावं लागतं. जे परत फिरवता येतं, तिथे विचारू नका. करू द्या आणि मागे फिरायची वाट ठेवा. चुकून पुसलेला फोटो महिनाभर बाजूला ठेवला, तर दहा वेळा खात्री करून घेण्याची गरज नाही. जे परत फिरत नाही, तिथे मात्र जरूर थांबवा, आणि थांबवताना नेमकं सांगा. पैसे जाण्याआधी समोरच्याचं बँकेतलं नाव दाखवतात, ते असं योग्य जागचं थांबणं आहे.

इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारी मुलं-मुली हे ऐकत असतील. त्यांना एक गृहपाठ. तुम्ही बनवलेला पडदा आठवडी बाजाराच्या दिवशी पाच अनोळखी माणसांच्या हातात द्या. पाच पुरेत, जेकब नील्सन यांनीही २०००मध्ये असंच म्हटलं होतं की ठळक अडचणी पाच जणांतच दिसून येतात. त्यांत एक साठीपुढचा, एक मराठी अडखळत वाचणारी असू द्या. आणि मग तुम्ही तोंड बंद ठेवून बसा. बोट कुठे थबकतं, तेवढंच लिहून घ्या. ‘अहो काका, तिथे नाही, इथे दाबा,’ असं म्हणायचा मोह होईल. तो आवरा. कारण काका घरी एकटे असतील, तेव्हा तुम्ही तिथे नसाल. तुमचा पडदाच त्यांच्याशी बोलत असेल, आणि त्याच्या शब्दावर त्यांची महिन्याची पेन्शन असेल.